'सुपरनॅचरल'चा शेवटचा भाग : नेमकं कुठे बिनसलं?

'सुपरनॅचरल' ही सॅम आणि डीन विंचेस्टर या राक्षस-पिशाच्चांची शिकार करणाऱ्या दोन भावांची अमेरिकी मालिका. तिचा शेवट म्हणजे पंधराव्या सीझनचा विसावा, एकूण ३२७ वा भाग. १९ नोव्हेंबर २०२० ला दाखवला गेला, पण त्यावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत. त्यावर मत देताना 'रडवलं' किंवा 'भंगार' एवढ्यावर थांबू नका. प्रसंग सांगा, तो का फसला ते सांगा, जमलं तर दुरुस्तीही सुचवा. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, पुढे सगळं फोडलेलं आहे.

पटकथेच्या अंगाने

व्हॅम्पायरशी लढताना पाठीत लोखंडी गज घुसून डीन मेला याबद्दल तक्रार नाही, शिकारी असाच मरणार. तक्रार मांडणीची आहे. चकचा, म्हणजे देवाचाच, पाडाव एकोणिसाव्या भागात उरकला. त्यामुळे विसाव्यासाठी शत्रू शिल्लकच नव्हता, आणि मुखवटे घातलेले व्हॅम्पायर ऐनवेळी आणावे लागले. त्यांच्यातली जेनी पहिल्या सीझनच्या विसाव्या भागातली, २००६ मधली. चौदा वर्षांनी येते, ओळख सांगते आणि लगेच तिचं मुंडकं उडतं. ती कोण हे निम्म्या प्रेक्षकांना शोधावं लागलं. तिला सुरुवातीच्या खुनाच्या प्रसंगातच दाखवलं असतं, तर भावांवरचा जुना राग कथेला आपसूक मिळाला असता. मनाविरुद्ध व्हॅम्पायर झालेली मुलगी आहे ती, एवढा आयता माल वाया घालवला.

एक गोष्ट मात्र नीट बांधली आहे. डीन नरकातून परत आलेला माणूस. तिसऱ्या सीझनच्या अकराव्या भागात तर एकट्या त्या भागात शंभरावर वेळा मेलाय. मग आताच कायमचा का? तर तो स्वतःच सॅमला सांगतो, मला परत आणू नकोस, त्याचा शेवट नेहमी वाईटच होतो. शिवाय आदल्याच भागात चकच्या जागी नवा देव झालेल्या जॅकने लुडबुड न करण्याचं ठरवलेलं असतं. तरी सॅमने एकदा जॅकला हाक मारून बघायला हवी होती. उत्तर न येणं हेच उत्तर ठरलं असतं.

आपत्कालीन उपचारांच्या अंगाने

आता फक्त डीनच्या पाठीत घुसलेल्या गजापुरतं. शरीरात घुसलेली वस्तू उपसायची नाही. तीच रक्तवाहिन्या दाबून धरते, काढली की रक्तस्राव वाढतो. वस्तू हलणार नाही अशी आधार देऊन घट्ट करायची, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची, आणि गज लांब असेल तर बचाव पथक तो बाहेरच्या बाजूने कापतं. 'मला हलवू नको' हे डीनचं म्हणणं म्हणूनच बरोबर आहे. पुढचं पटत नाही. खिशात फोन आहे, अमेरिकेत ९११ आहे, माणूस एवढं लांबलचक बोलण्याइतका शुद्धीवर आहे. सॅम मदत आणायला निघतो, डीन अडवतो, सॅम ऐकतो! डीनने दोन-चार वाक्यांत मान टाकली असती तर हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसता. भाषण जितकं लांबतं तितका वाचण्याचा वेळ प्रेक्षक मनात मोजत राहतो.

निर्मितीच्या अंगाने

मार्च २०२० मध्ये व्हँकुव्हरचं चित्रीकरण थांबलं तेव्हा शेवटचे दोन भाग बाकी होते. ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झालं ते कोविडच्या नियमांखाली: बाहेरून कॅनडात येणाऱ्याला १४ दिवस विलगीकरण, सेटवर माणसं मोजकी. मेल्यावर डीन पोहोचतो त्या स्वर्गात जुनी पात्रं एकत्र आणायचा बेत सोडावा लागला. म्हणून तिथे भावांना वडिलांसारखा असलेला जुना शिकारी बॉबी एकटा ओसरीत बसलेला दिसतो. हे समजून घ्यावं. पण भावांचा मित्र असलेल्या देवदूताचं, कॅस्टिएलचं (कॅसचं) काय? अठराव्या भागात त्याला 'एम्प्टी', म्हणजे मेलेले देवदूत जातात ती पोकळी, गिळते. विसाव्यात बॉबी म्हणतो की नवा स्वर्ग घडवायला कॅसने मदत केली. तो सुटला कसा? याला नट लागत नाही, बॉबीच्या तोंडी आणखी दोन वाक्यं पुरली असती. कोविडचं निमित्त इथे चालणार नाही.

डबिंग-सबटायटलच्या अंगाने

अठराव्या भागात कॅस डीनवरचं प्रेम कबूल करतो, डीनचं मूळ उत्तर 'असं करू नकोस, कॅस'. लॅटिन अमेरिकन स्पॅनिश डबिंगमध्ये तेच 'माझंही तुझ्यावर' झालं आणि चाहत्यांत भडका उडाला. डबिंगमध्ये ओठांची हालचाल आणि वाक्याची लांबी जुळवताना शब्द हलतात, पण इथे अर्थच फिरला. कोणाचं म्हणणं खरं हे ठरवण्यापूर्वी समोरच्याने कुठल्या भाषेत पाहिलंय ते विचारा, निम्मे वाद तिथेच मिटतील.

रंगभूषेच्या अंगाने

डीनमागे सॅम जगून म्हातारा होतो, त्याचा तो पांढरा विग. आणखी काय लिहायचं! खरं तर दोष एकट्या विगचा नाही. केस सत्तरीचे आणि अंगाची ठेवण चाळिशीची, म्हणून तो चिकटवल्यासारखा दिसतो. कॅमेरा लांब ठेवून, पाठमोरं दाखवून भागलं असतं. सॅमची बायको नाही का मागे धूसर ठेवली, तसंच. ती धूसर ठेवल्याने मात्र दुसरीच बोंब झाली: सॅमची प्रेयसी आयलीन, तिचं काय झालं? ती अठराव्या भागात गायब होते, आणि इथे तिचं नावही निघत नाही.

पुन्हा बघणाऱ्यांसाठी

क्रम असा लावा: पहिल्या सीझनचा विसावा (जेनीसाठी), पाचव्याचा बाविसावा, मग पंधराव्याचे अठरा, एकोणीस, वीस सलग. मालिकेचा निर्माता एरिक क्रिपके याची मूळ आखणी पाच सीझनची होती, त्यामुळे पाचव्याचा शेवट आधी पाहिला की दोन्ही शेवटांची तुलना आपोआप होते. स्वर्गातल्या इम्पालाची, म्हणजे भावांच्या गाडीची, नंबरप्लेट थांबवून बघा. मधली बरीच वर्षं ओहायोची होती, तिथे सुरुवातीची कॅन्ससची 'केएझेड २वाय५' परत लावली आहे.