टेफच्या लापशीचा गोळा होत असेल तर

टेफ म्हणजे इथिओपियातलं बारीक दाण्याचं धान्य. त्याची लापशी चिकट गोळा होते, अशी तक्रार असते. पीठ थेट उकळत्या पाण्यात घातलं की तेच होणार. इथिओपियात पिठाची गेन्फो नावाची लापशी मुद्दाम अशीच घट्ट घोटतात, पण ती तिखट. मधे आळं करून त्यात मसाल्याचं लोणी आणि बर्बेरे (तिथला मिरचीचा मसाला). गोड न्याहारीला अख्खे दाणे घ्या.

दाणा खसखशीहून मोठा नाही, साध्या चाळणीतून निसटतो. धुवायचाच तर मलमलच्या फडक्यात. मंद आचेवर कोरडाच परता. तडतडून खमंग वास सुटला की १ वाटीला ३ वाट्या उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, झाकण. १५-२० मिनिटं तळापासून ढवळत राहा. दूध शेवटी, नाहीतर बुडाला लागतं. गूळ गॅस बंद करून, म्हणजे दूध फाटायची भीती कमी. (खजूर असेल तर गूळ हवाच कशाला!) निवल्यावर आळते, गरम दुधाने सैल करा.

टेफ मिळत नसेल तर नाचणी आहेच. तीही मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. केनियात तिची पातळ, गोड पेज, म्हणजे उजी, सकाळी पितात. फक्त पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या.