मदत हवी आहे: रॅटमध्ये लहान आतड्याचे प्रत्यारोपण, पोर्टल व्हेनची जोडणी दर वेळी फसते

नमस्कार मंडळी,

इथे मायक्रोसर्जरी केलेले कोणी आहे का? मी पीएचडीसाठी रॅटमध्ये लहान आतड्याचे हेटेरोटोपिक प्रत्यारोपण शिकते आहे. म्हणजे रॅटचे स्वतःचे आतडे तसेच ठेवून दुसरे बसवायचे. डोनर आणि रिसिपिअंट (आतडे देणारा आणि घेणारा रॅट) दोन्ही लुईस या एकाच, जनुकीयदृष्ट्या सारख्या जातीचे, त्यामुळे रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने नवे आतडे नाकारण्याचा, प्रश्न येत नाही. जे बिघडते ते टाक्यांतच.

1971 मध्ये मॉन्चिक आणि रसेल यांनी रॅटसाठी जी पद्धत मांडली, त्याच वाटेने जाते आहे. सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी (आतड्याला रक्त देणारी धमनी) एओर्टाच्या, म्हणजे महाधमनीच्या, तुकड्यासकट काढते, आतडे थंड रिंगर लॅक्टेटने धुते. मग किडनीच्या खाली आर्टरी एओर्टाला आणि पोर्टल व्हेन (आतड्यातले रक्त बाहेर नेणारी शीर) आयव्हीसीला (इन्फिरिअर व्हेना कावा, पोटातली मोठी शीर), दोन्ही एंड-टू-साइड, म्हणजे एकीचे टोक दुसरीच्या बाजूला, 10-0 या अतिशय बारीक नायलॉन धाग्याने.

आर्टरी आता जमते. क्लॅम्प सोडला की आतडे गुलाबी होते, मेसेंटरीतल्या (आतडे धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या) धमन्या उडताना दिसतात, जीव भांड्यात पडतो. आणि थोड्याच वेळात सगळे जांभळे पडून फुगायला लागते. रक्त आत जाते, बाहेर पडत नाही. व्हेनची भिंत इतकी पातळ की कडा एकमेकींना चिकटतात. मागच्या भिंतीत टाका अडकला की पीळ पडला, तेच कळत नाही. बहुतेक रॅट रात्र काढत नाहीत. माझ्या सरावापायी जीव जातात, हे फार लागते.

कफ (टाक्यांऐवजी शिरा जोडायची छोटी नळी) वापरावा का? डावी किडनी काढून तिच्या व्हेनमध्ये कफ बसवतात, म्हणजे टाक्यांचा वेळ वाचतो. पण आधीच पाणी कमी झालेल्या जनावराची एक किडनी घालवायला मन धजत नाही.

प्रतिसाद: ताई, कफकडे जाण्याआधी दोन गोष्टी करून बघा. डोनरमध्ये स्प्लेनिक व्हेन (प्लीहेकडून पोर्टल व्हेनला मिळणारी शीर) बांधता ना, तिचा खुंट थोडा लांब ठेवा. जोडताना तो कुठल्या बाजूला आहे ते पाहिले की पीळ लगेच कळतो. दोन्ही कोपऱ्यांना टाके घेऊन मागची भिंत आतून शिवा, पुढची नंतर. पोर्टल व्हेन आखूडच कापा, लांब राहिली की दुमडते. आणि क्लॅम्प सोडण्याआधी कोमट सलाइन द्या, नवे आतडे बरेच रक्त ओढून घेते.

धागाकर्ती: खुंट मी अगदी मुळाशी कापत होते! मनापासून आभार. आतून शिवताना शेवटची गाठ बाहेर कशी आणता?