सीव्हीटीवर हा सर्ज दिसणार नाही

सीव्हीटीच्या (कपॅसिटरवर चालणारा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) सेकंडरीला ऑसिलोस्कोप जोडून जीआयएसमधला (धातूच्या आवरणातलं, वायूने इन्सुलेट केलेलं स्विचगिअर) सर्ज, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, मोजायचा, हे म्हणणं काही पटलं नाही. डिस्कनेक्टर (सर्किट वेगळं करणारा स्विच) उघडताना रिस्ट्राइक होतो, म्हणजे कॉन्टॅक्टमध्ये पुन्हा ठिणगी पडते; त्या सर्जची चढण असते काही नॅनोसेकंदांची. पॉवर फ्रीक्वेन्सीला ट्यून केलेला सीव्हीटी ती गिळूनच टाकतो. त्यापेक्षा एन्क्लोजरच्या (जीआयएसच्या धातूच्या आवरणाच्या) फ्लँजमध्ये इलेक्ट्रोड बसवून कपॅसिटिव्ह डिव्हायडर (कपॅसिटरांनी व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारी जोडणी) करा. पण एक मेख आहे: डिव्हायडरचा लो-व्होल्टेज आर्म (खालचा कपॅसिटर) 10 नॅनोफॅरडचा आणि त्यावर थेट 50 ओहमचं टर्मिनेशन (केबलच्या टोकाचा रेझिस्टर) दिलं, तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सिग्नल ओसरण्याचा वेळ, जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद. म्हणजे ट्रॅप्ड चार्ज (स्विच उघडल्यावर कंडक्टरवर अडकून राहिलेला चार्ज) स्कोपवर येणारच नाही, आणि पीकचा आकडा तर बराचसा त्याच्यावरच ठरतो! मध्ये हाय-इम्पीडन्स बफर हवाच. शिवाय स्कोप बॅटरीवर चालवा, सिग्नल ऑप्टिकल फायबरने आणा. कारण सर्जच्या क्षणी एन्क्लोजरचं पोटेन्शियलही उसळतं.