मदत हवी आहे: घर रिकामं करायचंय, दिवाळी अंकांचा संग्रह कमी कसा करू?

नमस्कार मंडळी,

आमची डोंबिवलीची सोसायटी एकदाची रिडेव्हलपमेंटला निघाली. बिल्डर भाडं देणार, तोवर आम्ही जवळच वन बीएचकेत राहणार आणि त्या घराला माळाच नाहीये. जुन्या गाद्या, लेकाची इंजिनिअरिंगची पुस्तकं, लग्नात आलेले आणि कधी न उघडलेले लेमन सेट, सगळं मार्गी लागलं, बोहारीण पण येऊन गेली (एका पातेल्यात किती साड्या नेल्या विचारू नका). गाडी अडलीय ती दिवाळी अंकांपाशी.

दोन गोदरेजची कपाटं आणि दिवाणाचा अख्खा बॉक्स भरलाय. निम्मे सासऱ्यांचे, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातले मौज, सत्यकथा, दीपावली, आणि निम्मे माझे, लग्न होऊन आल्यापासून दर दिवाळीला घेतलेले, त्यात आवाज, जत्रा, धनंजय, किस्त्रीम, किशोर, काय वाट्टेल ते. नवऱ्याचं म्हणणं टेम्पो बोलाव आणि घाल रद्दीत. नव्या घरात एकच कपाट मावेल, तेवढ्यात बसवायचंय.

सोपं होतं ते उरकलं. राशिभविष्याचे अंक पहिले गेले, उलटून गेलेल्या वर्षाचं भविष्य मी का जपून ठेवलं होतं देव जाणे. रेसिपीवाले जाऊबाईंना दिले. पुढे गाडं हलेना, कारण उरलेल्यातला कुठलाही अंक हातात घेतला की एखादी तरी कथा निघतेच, मग तिथेच जमिनीवर बसून वाचणं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जाणं.

आवडलेलं तेवढं कापून फायली कराव्यात असंही डोक्यात आलं, पण एका कथेचं शेवटचं पान म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी कवितेची पाठ, आणि निम्म्या कथांचा उरलेला भाग "पान १८६ वर" गेलेला. मोबाईलवर स्कॅन करावं तर मजकुराचं ठीक आहे हो, आवाजच्या खिडकीचित्रांचं काय करू? वरच्या पानाला चौकोन कापलेला, त्यातून काहीतरी भलतंच चावट दिसतं आणि पान उलटलं की निघतं अगदी सोज्वळ. त्याचा पीडीएफ करून कोण हसणार?

तर कुणी असा संग्रह कमी केलाय का? काय ठेवलंत, काय काढलंत? वाचनालयं घेतात का? आणि सासऱ्यांच्या अंकांना कसर लागलीय थोडी, पानं पिवळी पडून तुटतायत, त्यांचं काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं वाचनालयात काम केलंय म्हणून सांगतो, गेल्या वीसेक वर्षांतले गाजलेले अंक कुठलंही वाचनालय सहसा घेणार नाही, त्यांच्याकडेच सीझन संपला की गठ्ठे स्वस्तात विकायला काढतात. ते शेजारीपाजारी, वृद्धाश्रमात बिनधास्त वाटून टाका. सत्यकथा १९८२ ला बंद पडलं, दीपावलीचे चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ ला गेले, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांच्या गठ्ठ्यात दलालांच्या मुखपृष्ठाची दीपावली असेल तर ती आधी बाजूला काढा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दोन्हीकडे आधी यादी पाठवून विचारा, थेट गोण्या नेऊन टाकू नका. आणि कसर लागलेले अंक बाकीच्यांपासून आजच वेगळे करा.

प्रतिसाद २

माझा नियम सांगते. गाजलेल्या लेखकांच्या कथा बहुतेक वेळा पुढे कथासंग्रहात येतात, त्यांच्यासाठी अंक धरून बसायची गरज नाही. पुस्तकात सहसा येत नाही ते असं, परिसंवाद, मुलाखती, व्यंगचित्रं आणि जाहिराती. हो, जाहिराती! जुन्या ट्रान्झिस्टरच्या नि केसांच्या तेलाच्या जाहिराती बघा एकदा, अख्खं मध्यमवर्गीय घर दिसतं त्यात. अंक देण्याआधी मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेचा फोटो काढून ठेवा, निम्मी हळहळ तिथेच संपते. खिडकीवाले आवाज मात्र अजिबात देऊ नका.

स्कॅन स्वतःपुरते ठेवा, नेटवर टाकू नका, आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराईट असतो. ठेवाल ते अंक आडवे ठेवा, उभे ठेवले की वाकतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आपल्या हवेत बुरशी धरते. फाटक्या पानांना सेलोटेप तर नकोच.

मूळ धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. जाहिरातींचं डोक्यातच आलं नव्हतं. काल अनुक्रमणिकांचे फोटो काढायला बसले तर नवरोबा पण येऊन बसले, आणि टेम्पोचा विषय निघाला नाही तो नाहीच, उलट धनंजयचा एक गठ्ठा "हा राहू दे" म्हणून स्वतःच बाजूला सारला. म्हणजे आता कपाटात माझी जागा अजून कमी झाली.

एक राहिलं. सत्यकथेच्या पिना गंजून पानांना चिकटल्यायत, ओढून काढल्या तर कागद फाटतो. पाठीमागून टोकं सरळ करून काढायच्या म्हणतेय आणि जागी सुती दोरा ओवायचा. कुणी केलंय का असं, पिनांची टोकं उचलायला काय वापरलंत?