कान नव्हे, थकबाकी
स्पॅनिश तटरक्षकांनी जेन्किन्स या ब्रिटिश कप्तानाचा कान कापला आणि त्यावरून ब्रिटन-स्पेन युद्ध पेटलं, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. कान कापला १७३१ मध्ये, युद्ध जाहीर झालं ऑक्टोबर १७३९ मध्ये. त्या वादाचा जीव पैशात होता आणि साउथ सी कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीचं नाव त्यात कुणी घेतच नाही.

जानेवारी १७३९ मध्ये दोन्ही देशांत झालेल्या पार्दो करारात स्पेनने ब्रिटनला ९५,००० पौंड भरपाई कबूल केली होती. पण कंपनीकडे आमच्या राजाचे ६८,००० पौंड थकलेत, ते आधी द्या, असा स्पेनचा आग्रह. कंपनी नाही म्हणाली, स्पेनने भरपाई अडवली. लंडनचे व्यापारी आणि विरोधक मात्र तुटून पडले ब्रिटिश पंतप्रधान वॉलपोलवर, ज्याला युद्ध टाळायचं होतं! आणि या कंपनीचा हक्काचा धंदा कुठला? १७१३ पासून स्पॅनिश वसाहतींना दरवर्षी ४,८०० गुलाम पुरवण्याचा मक्ता.