चिक शांपू मालामुळे वाढला की पुडीमुळे?

खानापूरचा दुकानदार
परवा दुकानात एका पोरानं मला चिक शांपूचं यश समजावून सांगितलं. बेळगावात एमबीए करतोय म्हणे. 'प्रॉडक्ट इनोव्हेशन', म्हणजे मालातच काही नवं काढणं, हा शब्द चार वेळा आला. गिऱ्हाईक होतं म्हणून गप्प ऐकून घेतलं, खरं माझं मत उलटं हाय.

गोष्ट थोडक्यात अशी. सी. के. रंगनाथन हे तमिळनाडूतल्या कडलूरचे. घरचा वेल्वेट शांपूचा धंदा सोडून बाहेर पडले आणि १९८३ साली १५ हजार रुपयांवर स्वतःचा चिक शांपूचा कारखाना काढला. पुढं स्कीम काढली: कुठल्याही कंपनीच्या ५ रिकाम्या शांपूपुड्या आणा, एक चिक फुकट. लोकांना सवय लागली तसा नियम बदलला, आता चिकच्याच ५ पुड्या पाहिजेत. महिन्याची विक्री ३५ हजार रुपयांची होती ती १२ लाखांवर गेली. पुडीच्या आतला माल तोच होता की! मग इनोव्हेशन कुठलं? शांपू सगळे सारखेच. फेस येतो, वास येतो, पाण्यानं जातो.

निपाणीकरीण
दादा, 'शांपू सगळे सारखेच' असं टक्कल पडलेला माणूसच म्हणू शकतो. राग मानू नका.

माझी आई विड्या वळायची. तंबाखूचा खकाणा केसांत बसला की साध्या पाण्यानं जात नाही, वास तर उशीलासुद्धा लागतो. शिकेकाई उकळायची म्हणजे सरपण, वेळ आणि डोळ्यांत गेली की आग. म्हणून न्हाणं आठवड्यातून एकदा. पुडी आली तशी ती मजुरीच्या सुट्ट्या पैशातून घेता यायला लागली, बाटलीसाठी घरात कुणापुढं हात पसरायला नको. आणि तुम्ही हिशेब अर्धाच सांगितलात. १२ लाखांवरून ३० लाख रुपयांवर महिन्याची विक्री गेली ती मोगरा आणि गुलाबाच्या वासाचे शांपू काढल्यावर. दक्षिणेतल्या बाया रोज मल्लिगे माळतात, त्यांना ओळखीचा वास पुडीत भरून दिला. ही काय स्कीम झाली?

खानापूरचा दुकानदार
पुढं जाहिरातीत सिनेमातली नटी अमला आली आणि विक्री महिन्याला एक कोटीवर गेली, ते का गाळलंसा ताई? त्या एक कोटीत मोगरा किती आणि अमला किती, कोण सांगणार?

चिक्कोडीचे मास्तर
दोघांचीही गाडी एकाच जागी अडकली आहे. पुडी म्हणजे नुसतं वेष्टन, असं धरून चालला आहात. रंगनाथन यांचे वडील चिन्नी कृष्णन यांचा आग्रह होता की आपण बनवू ते हमालाला, रिक्षावाल्याला परवडलं पाहिजे. पावडरसुद्धा त्यांनी थोड्या थोड्या ग्रॅमात विकली. शांपू पुडीत गेला तो त्यातूनच. 'चिक' हे नावही त्यांच्याच नावातल्या अक्षरांचं. (आमच्या भागात याची गंमत अशी की कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान, त्यामुळे 'चिक्क शांपू' म्हणजे लहान पुडीचा शांपू, असं लोक सरळ समजायचे. आमच्या आजीनं मात्र मराठीच धरलं. चीक केसाला लावायचा? उंबराचा की रुईचा?)

दुसरं म्हणजे, गावात माणसं नेऊन चारचौघांत एका पोराचं डोकं धुऊन दाखवायचे आणि लोकांना त्याच्या केसांवरून हात फिरवायला लावायचे. साबणानं केस धुणाऱ्याला शांपू कसा वापरायचा हेच ठाऊक नव्हतं. याला जाहिरात म्हणा, मी शिकवणी म्हणतो. दुकानदार, स्कीम एकदा माणूस आणते. दुसऱ्यांदा तो आला तर मालासाठीच येतो.

खानापूरचा दुकानदार
मास्तर, दुसऱ्यांदा तो आला आठ आण्यासाठी. १९९९ साली चिकची ५० पैशांची पुडी निघाली. आमचे वडील गल्ल्यावर असायचे. पोरं आठ आण्याचं नाणं आपटून "एक शांपू" म्हणायची, नावसुद्धा घेत नव्हती. वडील समोर लटकणाऱ्या माळेतली पहिली पुडी फाडून द्यायचे. कुठली माळ समोर लावायची ते आम्ही ठरवत होतो, कंपनी नव्हे. हे एमबीएच्या पुस्तकात नसतं.

गणपत गल्ली
सगळे कौतुकात दंग. आमच्या गटारी साफ करताना निम्म्या शांपूच्याच पुड्या निघतात, त्याचं काय? २०१६ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या सरकारी नियमांत गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरायला बंदी आहे, शांपूच्या पुडीला नाही. ती थरांची असते, भंगारवाला हात लावत नाही. गरिबाला परवडणारा माल म्हणता, मग कचरा कुणाच्या दारात साठतो? बाटली घ्या की एकदाच.

निपाणीकरीण
बाटली घ्या म्हणणं सोपं आहे. मिलीचा हिशेब काढा, पुडीतला शांपू बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. सगळ्या जगात मोठा माल घाऊक म्हणून स्वस्त, इथं उलटं. आता बरी परिस्थिती आहे माझी, तरी मी माळच आणते. कचऱ्याचं तुमचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गणपत गल्ली
उत्तर वरच लिहिलेलं आहे. ५ रिकाम्या पुड्यांना एक फुकट! त्या स्कीमच्या काळात पोरं गावभर फिरून पुड्या वेचत असणार. कंपनीनं विक्रीसाठी केलं ते गटारीसाठी पुन्हा करावं. दुकानदार, खानापुरात तुम्हीच सुरुवात करा.

खानापूरचा दुकानदार
फुकटची पुडी माझ्या खिशातून जाणार की हो! एका माळेवर मला सुटतं किती ते विचारा आधी.

गणपत गल्ली
बरं, दहाला एक?

खानापूरचा दुकानदार
वीसला एक. आणि पुड्या धुऊन आणायच्या.