बाँड गेले, पण बाकीचं काय?

इलेक्टोरल बाँड, म्हणजे नाव जाहीर न होता पक्षांना देणगी देण्याचे निवडणूक रोखे, रद्द झाले म्हणजे आता सगळं पारदर्शक झालं, असं कुणी म्हणत असेल तर ते नाही पटत. १५ फेब्रुवारी २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मोठाच आहे, देणगीदारांची नावं त्यामुळेच बाहेर आली. पण वर्षाला २०,००० पर्यंत देणाऱ्याचं नाव पक्षाला आजही जाहीर करावं लागत नाही.

आणि खर्चाचं बघा, मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा, पक्षाला मर्यादाच नाही! स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार स्टेजवर आला की खर्च त्याच्या खात्यात, तो नसेल, त्याचं नाव घेतलं नाही, फोटोही लावला नाही तर तीच सभा, तोच मंडप पक्षाच्या खात्यात. आधी पक्षाच्या खर्चाला मर्यादा घाला राव.